फोरमनचे बोट आणि बाईंचे कोडे

कॉम्प्युटरने आधी घरघर केली, मग बटणाशेजारचा हिरवा दिवा लावला, मग पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी दाखवल्या, आणि आता उजाडणार असे वाटते न वाटते तोच ठप्प झाला.

फोरमननी बटणावरचे बोट काढले, त्याच्याकडे निरखून पाहिले, शर्टाला पुसले आणि पुन्हा बटणावर ठेवले. पुन्हा घरघर, पुन्हा दिवा, पुन्हा दोन ओळी, पुन्हा ठप्प. चहाचा कप घेऊन ते कॉम्प्युटरसमोर बसले होते. आता चहा गार होऊन त्यावर साय धरली होती आणि फोरमनचे डोके तेवढे तापले होते.

फोरमन म्हणजे सगळी इमारत ज्यांना फोरमन म्हणते ते. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्यांची उभी हयात गेली. तिथल्या जुन्या डिझेल इंजिनाला सुरू करण्याची एक रीत होती. बटण दाबायचे आणि दाबूनच धरायचे. इंजिन खोकते, थुंकते, अंगात आल्यासारखे हलते. तरी सोडायचे नाही. त्याने नीट उचल घेतली की मगच बोट काढायचे. घाई केलीत की इंजिन बसलेच म्हणून समजा. फोरमनच्या हाताखाली जी जी पोरे शिकली त्या सगळ्यांना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, "बटण म्हणजे गर्दीत धरलेला लेकराचा हात. मधेच सोडायचा नाही." दुसरा नियम असा, की यंत्राचा चार्ज, म्हणजे जबाबदारी, ज्याच्याकडे, बटणाला हात त्याचाच. दुसऱ्या कोणी लावायचा नाही, मग तो मोठा साहेब का असेना.

या दुसऱ्या नियमामुळे घरातल्या कॉम्प्युटरला फोरमननी आजवर कधी हातच लावला नव्हता. तो बाईंचा चार्ज होता. बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत भाषा शिकवायच्या, म्हणून त्या जगाच्या बाई झाल्या त्या कायमच्या. शाळेने नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा जुन्यांतला एक बाईंच्या गळ्यात मारला. बाईंनी तो घरी आणला, पुसला आणि त्यावर दर आठवड्याला एक शब्दकोडे करायला लागल्या. गावातल्या साप्ताहिकात ते छापून यायचे, शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात.

आज बाई घरात नव्हत्या. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याचे ऑपरेशन होते, म्हणून पहाटेच्या गाडीने त्या तिकडे गेल्या होत्या. जाताना पायात चपला सरकवत त्यांनी चार्ज दिला होता.

"अहो, नीट ऐका. कॉम्प्युटर सुरू करायचा. समोरच आजच्या तारखेची फाईल आहे. ती या लाल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि संध्याकाळी पाचच्या आत साप्ताहिकाच्या कचेरीत नेऊन द्यायची. एवढंच. जमेल ना?"

"मला विचारतेस जमेल का? अख्ख्या गावाला पाणी पाजलंय मी."

"ते पाजलंत. कॉम्प्युटरला पाजू नका म्हणजे झालं."

आता तुम्ही म्हणाल, एका आठवड्याचे कोडे चुकले तर असे काय आभाळ कोसळणार होते? कोसळणार होते. साप्ताहिकाला नवे संपादक आले होते. त्यांनी गेल्याच आठवड्यात बाईंना समोर बसवून सांगितले होते, "बाई, राग मानू नका, पण हल्ली कोडी सोडवतं कोण? एक पत्र येत नाही, एक फोन येत नाही. तिकडे नाक्यावरचा गादीवाला जाहिरातीला कोपरा मागत माझ्या डोक्यावर बसलाय. तुम्ही आजवर एकदाही चुकला नाहीत, म्हणून मला तोंड नाही. पण ज्या गुरुवारी पाचच्या आत कोडं आलं नाही, त्या शनिवारी तिथं गादी पसरली म्हणून समजा."

बाई घरी आल्या. जेवताना ताटाकडे बघत म्हणाल्या, "त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. सोडवत असेल का हो कोणी?" फोरमनना तेव्हा फार वाईट वाटले. एखादा शब्द चपखल बसला की बाई कॉम्प्युटरपुढे एकट्याच हसतात, ते त्यांना स्वयंपाकघरातून ऐकू यायचे, आणि ते ऐकायला त्यांना आवडायचे. पण असले काही बोलून दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती. म्हणून त्यांनी फक्त एवढेच जाहीर केले, की त्या गादीवाल्याकडून या घरात उशीसुद्धा यायची नाही.

तर असा तो गुरुवार होता आणि कॉम्प्युटर उठता उठता मान टाकत होता.

फोरमननी बोट बदलून पाहिले. अंगठ्याने दाबले. उभे राहून दाबले. जितका तो लवकर बंद पडे, तितके ते बटण अधिक निर्धाराने धरून ठेवत. शेवटी दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून त्यांनी असा काही जोर लावला, की टेबलच भिंतीला जाऊन धडकले.

"कोण ठोकतंय हो?" असे म्हणत विमावाले आत आले. विमावाले वरच्या मजल्यावर राहत. विमा विकायचे त्यांनी कधीच थांबवले होते, पण सल्ला द्यायचे थांबवले नव्हते, आणि तो फुकट असल्यामुळे कोणाला परतही करता येत नसे.

"हा बघा ना. चालू होतो आणि लगेच बंद पडतो."

"धूळ!" विमावाले यंत्राकडे न बघताच म्हणाले. "उघडा त्याला."

फोरमनकडे हत्यारांची पेटी होतीच. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याचे झाकण काढले. आत खरोखरच धूळ होती. एखादी लहान उशी भरेल इतकी होती. विमावाल्यांनी गाल फुगवून जोरात फुंकर मारली. ती धूळ डब्यातून उठली आणि विमावाल्यांच्या नाकाडोळ्यांत जाऊन बसली. पुढचा बराच वेळ ते शिंकत होते आणि दोन शिंकांच्या मधे "आता... लावून... बघा" म्हणत होते. फोरमननी झाकण लावले, बटण दाबले आणि धरले.

घरघर, दिवा, दोन ओळी, ठप्प.

"मग धूळ नाही," विमावाले नाक पुसत म्हणाले. "मला वाटलंच होतं."

दुपार झाली तशी फोरमननी डबा जुन्या चादरीत गुंडाळला, दोघांनी दोन बाजूंनी धरला आणि चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. दुरुस्तीवाला खांद्याने कानाशी फोन धरून कोणाशी तरी कडाक्याचे भांडत होता. त्याने भांडता भांडताच डब्याला दोन वायरी जोडल्या, पलीकडचा एक पडदा ओढून समोर ठेवला आणि हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने बटणाला टिचकी मारल्यासारखे केले. कॉम्प्युटरने घरघर केली, दिवा लावला, दोन ओळी दाखवल्या आणि निमूटपणे सुरू झाला. पडद्यावर बाईंनी लावलेले सूर्यफुलाचे चित्र आले.

"काय होतंय म्हणालात याला?" फोन खाली ठेवत दुरुस्तीवाल्याने विचारले.

"बंद पडतो."

"पडलाय का?"

"आत्ता नाही पडला."

"मग घरी न्या ना. माझ्याकडे आजारी कॉम्प्युटरनाच जागा नाही, तुमचा तर ठणठणीत आहे."

विमावाल्यांनी फोरमनच्या बरगडीत कोपर मारले. "अहो, ती फाईल इथंच घेऊन टाका."

"लाल पेनड्राइव्ह घरी आहे."

"माझी घ्या," दुरुस्तीवाला म्हणाला. "ही निळी. नंतर आणून द्या."

फोरमनची मान ठामपणे हलली. "लालवर घ्यायला सांगितलंय."

"अहो, पेनड्राइव्हला रंगानं काय फरक पडतो?"

"चार्ज देताना जे सांगितलं ते सांगितलं. पंपघरात लाल झडप म्हटलं की लालच फिरवायची. निळी फिरवली असती तर निम्मं गाव पोहत घरी गेलं असतं."

डबा पुन्हा चादरीत गेला आणि मिरवत घरी आला. फोरमननी वायरी जोडल्या, लाल पेनड्राइव्ह शेजारी तयार ठेवली, खुर्ची सावरली, बटण दाबले आणि धरले.

ठप्प.

फोरमननी कपाळाला हात लावला. तेवढ्यात फोन वाजला. बाई होत्या.

"दिलंत का हो?"

"हे काय, निघालोच आहे."

"सुरू झाला ना नीट? कुरकुर करतो कधीकधी."

"झाला की," फोरमन म्हणाले. हे काही खोटे नव्हते. झाला होता, फक्त चौकात.

"बरं झालं बाई. मला सारखी धाकधूक. ताईला आता आत नेतायत, मला फोन बंद ठेवायला सांगितलाय. आता तुमच्यावर आहे हो सगळं." आणि फोन बंद झाला.

फोरमननी घड्याळाकडे पाहिले. चार वाजून गेले होते. पंपघरात एकदा रात्री सगळी इंजिने बसली होती तेव्हासुद्धा त्यांना एवढी भीती वाटली नव्हती, कारण तेव्हा फार तर गाव शिव्या देणार होते. बाई शिव्या देणार नव्हत्या. त्या "असू दे" म्हणणार होत्या, आणि नेमके तेच ऐकण्याची फोरमनना छाती नव्हती.

"तिकडे चालतो, इकडे चालत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "डबा तोच. म्हणजे फरक कशाचा?"

"विजेचा!" विमावाल्यांनी टाळी वाजवली. "तिकडे मोठ्या रस्त्यावर वीज ताजी येते. आपल्याकडे येईपर्यंत तिच्यात काही दम राहत नाही."

कोणत्याही शहाण्या माणसाने यावर हसून विषय सोडला असता. पण फोरमनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, कारण हे दुखणे त्यांच्या ओळखीचे होते. "दाब!" ते ओरडले. "दाब कमी पडतोय! खालच्यांनी नळ सोडले की वरच्याला थेंब मिळत नाही, तसंच आहे हे. कॉम्प्युटर उठायला लागतो आणि नेमका तेव्हाच दाब जातो."

पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा फ्रीज बंद केला. मग पंखे. मग विमावाले वर जाऊन आपले घर बंद करून आले. कॉम्प्युटर ठप्पच. मग फोरमनना आठवण झाली, की जिन्याखालच्या मीटरच्या खोलीची किल्ली आपल्याकडेच असते. इमारतीचा पाण्याचा पंप तेच बघत असत. पुढे काय झाले ते सांगायला नको, तरी सांगतो. फोरमन खाली गेले आणि त्यांनी स्वतःचे बटण सोडून सगळ्या इमारतीची बटणे एका ओळीत खाली पाडली.

कुठेतरी टीव्ही गप्प झाला. कुठेतरी मिक्सर थांबला आणि एक बाई "अगं बाई!" म्हणाली. तळमजल्यावर दातांचा दवाखाना होता. तिथले ते सुंऽऽ करणारे यंत्र सूर खाली आणत आणत थांबले, आणि त्यानंतर जी शांतता पसरली ती काही चांगली शांतता नव्हती.

फोरमन वर येऊन बटण धरतात न धरतात तोच दातांची डॉक्टर दारात उभी. पोरगी वयाने लहान, पण आवाज दाढा उपटणाऱ्याला शोभेल असा. "काका! मीटरच्या खोलीत तुम्ही गेला होतात?"

"पाचच मिनिटं, बाळ. दाब घेतोय जरा."

"कसला दाब? अहो, अर्धी दाढ कोरून ठेवलीये मी यांची!"

यांची म्हणजे तिच्या मागे उभ्या असलेल्या पेशंटची. पेशंट हा चांगला उंचापुरा गृहस्थ होता. गळ्यात निळा कागदी रुमाल, एका गालात कापसाचे बोळे, अर्धा चेहरा बधिर आणि उरलेला अर्धा संतापलेला. काळोख्या दवाखान्यात एकट्याने आ करून बसण्यापेक्षा तो डॉक्टरच्या मागोमाग जिना चढून आला होता.

"बसा, बसा," विमावाले त्याला म्हणाले. "आमच्याकडे जरा कठीण प्रसंग आहे."

फोरमननी मागे वळूनही पाहिले नाही. त्यांनी बटण दाबले आणि धरले. घरघर झाली. हिरवा दिवा लागला. पेशंटने सहज त्या बाजूला पाहिले. त्याची नजर पडद्यावरून दिव्यावर आली, दिव्यावरून फोरमनच्या बोटावर आली आणि तिथेच खिळली. त्याचे संतापलेले अर्धे तोंड हळूहळू उघडले.

ठप्प.

"अं! अं अं अं!" पेशंट म्हणाला.

"बोलू नका!" डॉक्टर ओरडली. "कापूस पडेल."

पेशंटने बोलणे थांबवले आणि हातवारे सुरू केले. आधी एक बोट हवेत खुपसले, मग झटकन मागे घेतले. पुन्हा खुपसले, पुन्हा मागे घेतले.

"ठणका लागलाय," विमावाल्यांनी अर्थ सांगितला. "आत जातोय आणि बाहेर येतोय म्हणतायत."

पेशंटने नाही नाही अशी मान जोरजोरात हलवली. त्याने हवेत लिहिल्यासारखे केले. विमावाल्यांनी धावत जाऊन त्याला चूळ भरायला पाण्याचा पेला आणून दिला. पेशंटने पेला टेबलावर आदळला आणि फोरमनच्या बोटाकडे हात केला.

"घाई करा म्हणतायत," विमावाले म्हणाले. "बरोबर आहे, बिचाऱ्यांची दाढ उघडी आहे. फोरमन, या वेळी अगदी प्राण गेला तरी सोडू नका."

"सोडतोय होय!" फोरमन म्हणाले. त्यांनी बाही सरसावली, पाय फाकवून उभे राहिले आणि बटणावर अंगठा रोवला. घरघर सुरू झाली. आणि पेशंटचा संयम संपला. तो दोन ढांगांत पुढे आला आणि त्याने फोरमनच्या मनगटावर असा सणसणीत फटका मारला, की बोट बटणावरून उडाले.

"अहो, हे काय!" विमावाले किंचाळले.

"सोडलं!" फोरमन ओरडले. "बसला आता तो!"

पण तो बसला नाही. हिरवा दिवा तसाच राहिला. दोन ओळी आल्या आणि गेल्या. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग त्यावर सूर्यफूल उमलले. पेशंटने फोरमनकडे बघत एक बोट हळूच हवेत टेकवले आणि हळूच मागे घेतले. दुसऱ्यांदा त्याने ते दाबून धरल्यासारखे केले, आणि मान खाली टाकून डोळे मिटले.

"म्हणजे," फोरमन घोगऱ्या आवाजात म्हणाले, "दाबून धरलं की हा बंद पडतो?"

पेशंटने होकार दिला.

"म्हणजे सकाळपासून मीच बंद करतोय याला?"

पेशंटने पुन्हा होकार दिला, आणि या वेळी त्याला थोडी दयाही आली असावी, कारण त्याने फोरमनच्या खांद्यावर थोपटले. फोरमननी आपल्या अंगठ्याकडे पाहिले. एवढ्या वर्षांत त्या अंगठ्याने त्यांना असा दगा कधी दिला नव्हता.

"मला वाटलंच होतं," विमावाले म्हणाले.

"काका, तुमचं झालं असेल तर माझी वीज द्या," डॉक्टर म्हणाली. "यांची बधिर करायची सुई उतरायला लागली ना, तर हे खाली बसून ओरडणार नाहीत, इथं येऊन ओरडतील."

"आत्ता खाली काही चालूबिलू करू नका!" विमावाले आडवे आले. "झटका बसला आणि हा परत झोपला तर? आधी फाईल घ्या. पाचाला दहा कमी आहेत."

फोरमन खाली बसले. समोर आजच्या तारखेची फाईल असेल असे बाईंनी सांगितले होते. समोर आजच्या तारखेच्या दोन फायली होत्या.

त्यांनी पहिली उघडली. चौकोनच चौकोन, काही काळे, काही पांढरे, आणि पांढऱ्यांत काहीसुद्धा लिहिलेले नव्हते. खाली आडवे शब्द, उभे शब्द असे प्रश्न होते. दुसरी उघडली. तेच चौकोन, तेच प्रश्न, पण हिच्यात मात्र प्रत्येक घरात अक्षर ठाकठीक बसवलेले.

आता कोडे कोरे असते हे फोरमनना माहीत नव्हते असे नाही. पण हाताखालच्या माणसाने अर्धे काम दिले तर ते त्याच्या अंगावर फेकायचे, अशी त्यांची जन्माची सवय. त्यात सकाळपासून एक चूक पदरात पडलेली. दुसरी पडू द्यायची नव्हती. त्यांनी विचार केला, कोरे चौकोन काय कोणीही आखील. खरी मेहनत भरलेल्यात आहे. आपले काम टाकी काठोकाठ भरून द्यायचे. पुढे कोणाला किती सोडायचे ते नळावरचा माणूस बघून घेईल. छापखान्यात असतीलच की अक्षरे गाळणारे. कोरे नेऊन दिले आणि संपादक म्हणाला, बाईंनी रिकामेच पाठवले, तर?

त्यांनी भरलेली फाईल लाल पेनड्राइव्हवर घेतली, मीटरच्या खोलीची किल्ली विमावाल्यांच्या हातात कोंबली आणि चपला हातात घेऊनच जिना उतरले. पाचाचे ठोके पडायच्या आत ते साप्ताहिकाच्या कचेरीत पोचले. टेबलामागच्या माणसाने पेनड्राइव्ह घेतली आणि फाईल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवली.

"उघडून बघून घेता का एकदा?" फोरमननी धापा टाकत विचारले.

"कोड्यात काय बघायचंय?" तो म्हणाला. "कोपऱ्यात बसलं की झालं."

शनिवारी दुपारी बाई परत आल्या. ताईचे ऑपरेशन छान झाले होते, त्यामुळे त्या खुशीत होत्या. येतानाच त्यांनी अंक विकत घेतला होता. चहा पीत पीत त्यांनी शेवटचे पान उलटले, आणि कप ओठांशीच थांबला.

"अहो."

"हं?"

"हे काय दिलंत?"

"पूर्ण दिलं," फोरमन अभिमानाने म्हणाले. "तू एक कोरं ठेवलं होतंस आणि एक भरलेलं. मी भरलेलं दिलं. का, त्यांनी गाळलं नाही?"

बाईंनी अंक टेबलावर पसरला. सगळी उत्तरे आपापल्या घरांत आरामात बसली होती, आणि वर ठळक अक्षरांत छापले होते, ‘पाहू या, सुटते का!’ बाईंनी अंकाची घडी घातली.

"असू दे," त्या म्हणाल्या.

झाले. जे ऐकायची छाती नव्हती तेच ऐकावे लागले. फोरमननी मग सगळी कर्मकथा सांगितली. बोट, धूळ, चौक, दाब, दाढ, काही लपवले नाही. बाई कधी हसायच्या बेतात आल्या, कधी रडायच्या. "पण अहो, माझं कोडं गेलं ना," शेवटी त्या म्हणाल्या. "आता संपादक म्हणणार, बघा, छापणाऱ्यानं पाहिलं नाही, वाचणाऱ्यानं पाहिलं नाही. कोणी ढुंकून बघत नाही याच्याकडे."

"मी जाऊन सांगतो संपादकांना. चूक माझी आहे," असे म्हणत फोरमन शर्ट घालायला उठले. तेवढ्यात फोन वाजला, आणि तो संपादकांचाच होता.

फोरमननी तो बाईंच्या हाती जाऊच दिला नाही. "मी बोलतोय, बाईंचा यजमान. फाईल मी दिली. बाईंचा यात काडीचा संबंध नाही. जे काय बोलायचं ते मला बोला."

"तुम्ही दिलीत?" संपादकांचा आवाज अगदी बसला होता. "अहो, सकाळपासून फोन खाली ठेवू दिला नाही लोकांनी! एक माजी न्यायाधीश म्हणतात, हा माझ्या शनिवारावर दरोडा आहे. इस्पितळातून एक नर्स, की अख्खा वॉर्ड रुसून बसलाय. एक सासू आणि एक सून एकाच फोनवरून ओरडल्या, की आठवड्यातून तेवढा एकच तास आम्ही भांडत नाही आणि तो तुम्ही खाल्लात. एवढे लोक हे सोडवतात हे मला कोणी सांगितलं का नाही?"

बाईंनी फोन हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. "खरंच एवढे फोन आले?"

"बाई, गादीवाला स्वतः भांडायला आला होता! दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणे, दुकानातल्या गादीवर पडून तुमचंच कोडं सोडवतो तो. मी म्हटलं, अरे बाबा, हाच कोपरा मागत होतास ना? तर म्हणाला, छे, हा कोण मागतोय? मी त्याच्या शेजारचा मागत होतो."

"शेजारचा?" बाईंनी घाईघाईने अंकाची घडी उलगडली. "पण शेजारच्या कोपऱ्यात तर तुमची कविता असते."

"असते," संपादक म्हणाले. "एक सांगू का बाई? या गडबडीत आजच्या कवितेची शेवटची चार कडवी छापायचीच राहिली. सकाळपासून एवढे फोन आले, पण त्याबद्दल कोणी एक अक्षर बोललं नाही. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

बाईंचा जीव कळवळला. कोणी वाचत असेल का, या प्रश्नाने आठवडाभर त्यांचीही झोप उडाली होती. समोरच्या माणसाला काहीतरी बरे वाटेल असे बोलायला हवे, म्हणून त्यांनी शेजारच्या कोपऱ्यातली कविता मनापासून वाचून काढली.

"माझ्या लक्षात आलं होतं," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "म्हटलं, आजची कविता किती छान जमलीये."